अमेरिकन ऑम्लेट सगळीकडे सारखंच? साफ नामंजूर!

डेन्व्हरकर: काल इथे एकाने लिहिलं, 'अमेरिकेत कुठल्याही डायनरमध्ये, म्हणजे साध्या खानावळीत जा, ऑम्लेट तेच. अंडी, पिवळं चीज, वर केचप.' वाचून डोकंच सणकलं. आमच्या डेन्व्हर ऑम्लेटमध्ये हॅम, कांदा आणि हिरवी ढोबळी मिरची हवीच. कॅलिफोर्नियातल्या प्लासरव्हिलचा हँगटाउन फ्राय हे ऑम्लेट सोनं शोधायला लोक धावत आले त्या काळातलं, त्यात ऑयस्टर (कालवं) आणि बेकन. न्यू मेक्सिकोत तर अंड्यांवर मिरचीचा रस्साच ओततात. हे सगळं एकच?

बे एरियावाला: मीच लिहिलं होतं ते, आणि अजूनही तेच म्हणतो. हँगटाउन फ्राय खायला सॅन फ्रान्सिस्कोतल्या टाडिच ग्रिलसारखं हॉटेल गाठावं लागतं, हायवेवर सहसा मिळत नाही. तिथे आयहॉपसारखी साखळी हॉटेलं, म्हणजे अंड्यांत पॅनकेकचं पीठ. तुमचं डेन्व्हर ऑम्लेट देशभर मिळतं, मग ते डेन्व्हरचं कसं?

सेंट लुईसकर: डेन्व्हरचं नाहीच! ते आधी पावात घालून खायचे. लाकूडतोड्यांच्या आणि रेल्वेच्या तळांवरच्या चिनी आचाऱ्यांकडून ते आलं, असं प्रसिद्ध अमेरिकन पाककृती-लेखक जेम्स बिअर्ड म्हणायचे. आमच्याकडे सेंट पॉल सँडविच बघा. एग फू यंग (चिनी पद्धतीचं ऑम्लेट), पांढरा पाव, मेयो, पिकल. चिनी हॉटेलांतच मिळतं.

डेन्व्हरकर: बिअर्डचा तो अंदाज होता. पुरावा दाखवा.

सेंट लुईसकर: पुरावा? सेंट्रल पॅसिफिक रेल्वे कंपनीचे रूळ 1869 पर्यंत हजारो चिनी मजुरांनी टाकले. कंपनीच्या पगारपत्रकात बहुतेकांची नावंसुद्धा नाहीत, टोळीच्या मुकादमाचं तेवढं. त्यांच्या कढईत काय शिजलं हे कोण लिहून ठेवणार होतं? ज्यांची नोंदच केली नाही त्यांच्याकडे कागद मागू नका!

अटलांटावासी: रेल्वे पुरे आता. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. अंडं खातात, मांस नाही. डायनरमध्ये हॅम नको म्हणून बजावलं, तरी तिथल्या आचाऱ्याने बेकनच्या चरबीने माखलेल्या तव्यावरच ऑम्लेट टाकलं. सासूबाई नुसत्या ग्रिट्सवर (मक्याच्या लापशीवर) उठल्या. घरचं माणूस उपाशी उठतं तेव्हा कुठल्या राज्याचं ऑम्लेट याने काय फरक पडतो?

डेन्व्हरकर: तुमचा राग समजतो, पण फरक पडतो. न्यू मेक्सिकोतल्या सांता फेमध्ये वेट्रेस मिरचीच्या रश्श्याबद्दल पहिलं विचारते, 'लाल की हिरवी?' दोन्ही हव्या असतील तर 'ख्रिसमस' म्हणायचं. हा प्रश्न ओहायोत कुणी विचारतं का?

बे एरियावाला: नाही विचारत. बरं, न्यू मेक्सिको सोडलं तुम्हाला. आणि चिनी आचाऱ्यांचं म्हणणंही मला पटतंय. पण मग डेन्व्हरच्या वाट्याला काय उरलं, ते सांगा.

डेन्व्हरकर: नाव उरलं. ते मी सोडणार नाही.