'हेरिटॅबिलिटी' म्हणजे आनुवंशिकता का?

प्रश्न
जुळ्या भावंडांवरच्या संशोधनाविषयी एक लेख मराठीत आणते आहे. त्यात चिडखोरपणाची 'हेरिटॅबिलिटी' ४० टक्के असं म्हटलंय. "चिडखोरपणा ४० टक्के आनुवंशिक असतो" असं लिहिलं तर चालेल ना?

प्रतिसाद
नको. वाचणाऱ्याला वाटेल, माझ्या चिडखोरपणातला ४० टक्के वाटा आईवडिलांचा आणि उरलेला परिस्थितीचा. तो आकडा एका माणसाबद्दल काहीच सांगत नाही.

तो येतो कुठून ते बघा. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत सारखी, द्विबीज जुळ्यांची साध्या भावंडांइतकी. समजा एखाद्या गुणात एकबीज जोड्यांचा सहसंबंध (जोडीतले दोघं किती सारखे याचं माप) ०.५ निघाला आणि द्विबीज जोड्यांचा ०.३. फरक ०.२, त्याची दुप्पट ०.४. झाले ४० टक्के! (दोन्ही प्रकारच्या जोड्या सारख्याच वातावरणात वाढतात हे यात गृहीत धरलेलं असतं, आणि वाद तिथेच पेटतात.) म्हणजे मोजलं जातं ते त्या समूहातल्या तफावतीपैकी किती जनुकांतल्या फरकांशी निगडित आहे एवढंच, गुण नव्हे.

हाताला पाच बोटं असणं पूर्णपणे जनुकांवर ठरतं, पण बोटांच्या संख्येची हेरिटॅबिलिटी शून्याच्या आसपास. कारण कमी बोटं असलेल्या बहुतेकांची बोटं अपघातात गेलेली असतात. उलट उंचीची हेरिटॅबिलिटी ८० टक्क्यांच्या घरात, तरी दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटिमीटरनी वाढली. एवढ्यात जनुकं थोडीच बदलतात!

प्रतिसाद
पारिभाषिक शब्दच हवा असेल तर 'आनुवंशिकता' वापरा, पण पहिल्याच उल्लेखात व्याख्या द्या. 'आनुवंशिक वाटा' मात्र अजिबात नको.

प्रतिसाद
थोडं अवांतर. मला 'आनुवंशिक'पेक्षा '-मुळे' या प्रत्ययाची जास्त धास्ती वाटते. "मोबाइलमुळे मुलं चिडचिडी होतात" हे वाक्य आपण सहज लिहून जातो. पाहणीत दिसलेलं असतं एवढंच, की मोबाइल जास्त आणि चिडचिडही जास्त. किरकिरं मूल गप्प बसावं म्हणून त्याच्या हातात मोबाइल दिला गेला असेल, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदलच झाली.

'-मुळे' हक्काने लिहायचं तर प्रयोग हवा. रोमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास २०००च्या सुमारास सुरू झाला. निम्मी मुलं पालक-कुटुंबांत गेली, उरलेल्यांची व्यवस्था होती तशी राहिली. कोण कुठे जाणार हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे नशिबावर ठरलं. कुटुंबात गेलेल्यांचा बौद्धिक विकास सरस निघाला, आणि लहान वयात गेलेल्यांचा अधिक. इथे 'कुटुंबामुळे' म्हणायला माझी हरकत नाही. प्रयोग नैतिक होता का, यावर मात्र बरंच लिहिलं गेलंय.

प्रश्नकर्ती
मग असं लिहिते: "या समूहात माणसामाणसांच्या चिडखोरपणात जी तफावत दिसली, तिच्यापैकी सुमारे ४० टक्के त्यांच्या जनुकांतल्या फरकांशी निगडित आहे."

प्रतिसाद
उत्तम. 'निगडित' बरोब्बर बसलंय, 'जनुकांमुळे' टाळलंत ते बरं केलंत.

प्रश्नकर्ती
पण शीर्षकात एवढं लांबलचक कसं मावणार?

प्रतिसाद
शीर्षकात आकडा घालूच नका.