बेने इस्रायली घरांतील सणांचे जेवण

कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या घरांत नारळ, पोहे आणि वाल यांच्या आधाराने धर्माचे नियम पाळले गेले. त्या घरांत वाढलेल्यांनी येथे आपल्या आठवणी लिहाव्यात, ही विनंती.

ठाणे : रोश हाशना, म्हणजे आमचे नवीन वर्ष, जवळ आले की आजी गहू भिजत घालायची. रोज पाणी बदलून मऊ झालेले गहू पाट्यावर वाटायचे, फडक्यातून चीक पिळायचा, तो निवळला की वरचे पाणी ओतून टाकायचे आणि तळाचा पांढरा साका साखर घालून नारळाच्या दुधात शिजवायचा. मिश्रण घट्ट होऊ लागल्यावर दोन्ही हातांचा जोर लागे, म्हणून आजी, आत्या आणि शेजारच्या काकू पाळीपाळीने ढवळत. हलव्याने कडा सोडल्या की वेलदोड्याची पूड घालून तो ताटात थापायचा आणि वर बदाम-पिस्त्याचे काप पेरायचे. आमच्यात मांसासोबत दूध चालत नाही. नारळाच्या दुधामुळे मटणाच्या जेवणावरही हा हलवा निर्धास्त खाता येई. आता बऱ्याच घरांत चिकाऐवजी चायना ग्रास (समुद्री शेवाळापासून केलेला, मिश्रण घट्ट करणारा पदार्थ) वापरतात. त्याने वेळ वाचतो, पण चिकाचा तो चिवट गुळगुळीतपणा येत नाही, आणि वर्षातून एकदा तरी ही मेहनत घ्यावी असे मला मनापासून वाटते.

पुणे : शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणाऱ्या आमच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, किद्दूशसाठी (पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी) वडील वाइन आणत नसत; आई काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत करायची. शुक्रवारी दुपारी घरात तोच वास असे.

अलिबाग : नवस फेडायचा म्हणजे मलिदा. धुतलेल्या पोह्यांत खोबरे, साखर, वेलची आणि सुकामेवा कालवून ताटात रास करायची, भोवती फळे मांडायची आणि एलियाहू हानाबीचे (प्रेषित एलियाचे) नाव घेऊन प्रार्थना म्हणायची. येथून जवळच्या खंडाळे गावातील खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या आहेत, अशी आमची श्रद्धा आहे. परदेशी निघालेल्या भावासाठी आईने केलेल्या मलिद्याचा प्रसाद तिने आळीतल्या प्रत्येक घरी, हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांकडेही, स्वतः नेऊन दिला होता.

दिमोना, इस्रायल : तिशा बआवच्या, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याच्या दिवसाच्या, उपवासाआधीच्या दिवसांत मांसाला फाटा आणि वालाचे बिरडे, ही रीत आईने येथेही सोडली नाही. वाल मिळेनात तेव्हा मुंबईहून येणाऱ्या नातेवाइकांना ती ते आणायला सांगे. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून आम्ही भावंडे सोलत बसायचो. माझी मुले आता हिब्रूत गप्पा मारत तेच काम करतात, आणि सोलताना डाळिंबी मोडली तर मी आईसारखीच रागावते.