मदत हवी आहे: पडद्याच्या पलीकडचा कान चौथीच्या मुलांना कसा दाखवू?

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. गेल्या आठवड्यात कान शिकवला. पातेल्यावर प्लॅस्टिकची पिशवी ताणून रबर लावलं, वर चिमूटभर रवा टाकला आणि शेजारी ताट बडवलं. रवा टणाटण उडाला, मुलं खूश. हा असाच आपल्या कानाचा पडदा, असं सांगितलं. मग हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं फळ्यावर काढली. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, तांदळाच्या दाण्याहून लहान, शरीरातलं सगळ्यात छोटं हाड. हे ऐकून सगळे आपापले कान चाचपत बसले.

अडचण मधल्या सुट्टीत झाली. वर्गातली एक मुलगी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते. मुलं तिला म्हणाली, "तुझे पडदे फाटलेत ना, म्हणून मशीन लावलंय!" तिने अर्धा डबा तसाच बंद केला. तिचे पडदे शाबूत आहेत, दोष आतल्या कानात आहे, हे तिच्या आईने मला आधीच सांगितलं होतं. मुलांचा दोष नाही. मीच कान पडद्यापाशी आणून सोडला होता.

आता आतला कान नीट शिकवायचा आहे. गोगलगायीच्या शंखासारखं, अडीच वेढ्यांचं कर्णावर्त, त्यातला द्रव, त्यातल्या केशपेशी. वर्गात प्रोजेक्टर नाही. शिवाय एकाने विचारलंय, "बाई, ढोल आणि ताशा एकदम वाजतात, तरी दोन्ही वेगवेगळे कसे कळतात?" हे सगळं कसं दाखवू? आणि दाखवताना सगळ्यांच्या नजरा त्या मुलीकडे वळायला नकोत.

प्रतिसाद १
ताई, ढोल-ताशापासूनच सुरुवात करा. कर्णावर्ताच्या दाराशी बारीक, चढे आवाज टिपले जातात आणि आतल्या टोकाकडे खर्जाचे. आवाजाने कर्णावर्तात लाट उठते; शास्त्रज्ञ गेओर्ग फॉन बेकेशी यांनी मृत व्यक्तींच्या कानात ती प्रत्यक्ष पाहिली, त्या कामाला १९६१चं नोबेल मिळालं. वर्गात असं करा: कार्डशीटच्या सारख्या रुंदीच्या, पण कमी-जास्त लांबीच्या चार पट्ट्या कापा, त्यांच्या गोल कड्या करून एका पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवा. पुठ्ठा आडवा धरून हळू हलवला की मोठी कडी डुलते, वेग वाढवला की छोटी. ढोलाला कुठली आणि ताशाला कुठली, ते मुलंच सांगतील.

प्रतिसाद २
माझा मुलगाही यंत्र लावतो, म्हणून लिहिते. केशपेशींसाठी वाऱ्यावर डुलणारं ज्वारीचं रान आठवायला सांगा. द्रवात लाट आली की पेशींवरचे केस वाकतात आणि तिथून मेंदूला निरोप जातो. जन्मतः एका कानात अशा साधारण १५ हजार पेशी असतात. फाटलेला पडदा बऱ्याचदा भरून येतो, पण या पेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. यंत्र आवाज मोठा करून उरलेल्या पेशींपर्यंत पोचवतं. पण चष्मा लावल्यावर जसं लगेच लख्ख दिसतं, तसं यंत्राने लगेच लख्ख ऐकू येत नाही; बोलणाऱ्याचा चेहराही दिसावा लागतो, म्हणून फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आणि धडा घेण्याआधी तिला एकटीला विचारा, तिला काय सांगितलेलं चालेल. माझ्या मुलाला कुणी विचारलंच नव्हतं.

मूळ लेखिका
दोघांचे मनापासून आभार. काल तिला विचारलं. ती म्हणाली, "बाई, पुठ्ठा मी हलवू?" आज तिनेच हलवला. छोटी कडी थरथरली तेव्हा मागच्या बाकावरून "ताशा!" अशी आरोळी आली आणि सगळ्यात मोठ्याने ती हसली. यंत्राबद्दल मात्र तिला अजून बोलायचं नाही, म्हणून तो भाग ठेवून दिलाय.

एकच शंका: मोठी कडी दोन-तीनदा हलवली की डिंक सुटतो. स्टेपलर मारला तर कडीचं डुलणं बिघडेल का?