अयुथ्याला एक दिवस: काय पाहावं, काय सोडावं? (सोबत वयस्क माणसं)

पैनगंगाकाठ:
आमच्या गावच्या विहारातले नऊ जण डिसेंबरात थायलंडला चाललो आहोत. तिघं सत्तरीच्या घरातले, दोघींचे गुडघे दुखतात. बँकॉकहून मंगळवारी सकाळी अयुथ्या (थायलंडची जुनी राजधानी) आणि संध्याकाळी परत, असं ठरते आहे. एजंटाने एका दिवसात अकरा ठिकाणं लिहून दिली. इतकी होतात का? म्युझियम गाळलं तर चालते का? वंदनेला बसता येईल असा विहार कोणता? जेवण शाकाहारी लागते.

मनसरची वीट:
दादा, आधी वार बदला. तिथली राष्ट्रीय संग्रहालयं साधारण सोमवार-मंगळवार बंद असतात. बुधवार ते शुक्रवार धरा, शनिवार-रविवारी गर्दी होते. आणि म्युझियम गाळू नका, हात जोडून सांगतो. अयुथ्या 1350 ला वसलं, 1767 ला ब्रह्मी फौजेने जाळलं. आज जे उभं आहे ती विटांची हाडकं. सोनं, मूर्ती, आतली श्रीमंती म्युझियममध्ये आहे.

यातली एक जोडी सोडू नका: वाट राचाबुराना (थाईत ‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर, विहार) आणि चाओ साम फ्राया संग्रहालय. दोन थोरले भाऊ हत्तीवरून एकमेकांशी लढताना मेले, त्यांचं दहन झालं त्या जागी धाकट्याने राजा झाल्यावर 1424 ला हे मंदिर बांधलं. मधल्या शिखराच्या पोटात तळघर आहे. 1957 ला चोरांनी ते फोडलं आणि पुष्कळ सोनं नेलं. जे वाचलं ते संग्रहालयात आहे: सोन्याच्या म्यानातली राजाची तलवार, आणि गुडघे टेकून बसलेला, खडे जडवलेला सोन्याचा हत्ती. ओंजळीत मावेल एवढाच, पण त्याच्या पाठीवरच्या हौद्याचं काम वाकून पाहा. संग्रहालय उघडलं 1961 ला, त्याच मंदिरात सापडलेल्या, बुद्धप्रतिमा असलेल्या लहान मुद्रांच्या विक्रीच्या पैशातून. म्हणून आधी रिकामं तळघर, मग भरलेली कपाटं, हाच क्रम ठेवा. उलट केलं तर तळघर नुसतं भोक वाटते.

तळघराचा जिना उभा आणि अरुंद आहे, आत कोंदट होते. गुडघेदुखीवाल्या दोघींनी खालीच सावलीत बसावं. बाकीच्यांनी सकाळी आठला, ऊन चढायच्या आधी जावं.

रस्त्यापलीकडेच वाट महाथाट. वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं दगडी मस्तक तिथलंच. फोटो काढताना खाली बसा, आपलं डोकं त्या मस्तकाच्या वर जाऊ द्यायचं नाही. धडावर मुंडकं नसलेल्या मूर्तींच्या मागे उभं राहून आपला चेहरा जोडायचा फोटो तर चुकूनही नको, तिथे तो घोर अपमान समजतात. विटांवर चढायचं नाही.

सकाळी ही दोन, दुपारी संग्रहालय, मग वाट फ्रा सी सानफेटचे तीन घंटाकार स्तूप. एवढं पुरे. अकरा ठिकाणं म्हणजे टुकटुकमधून (तिथल्या रिक्षातून) उतरणं-चढणंच.

धम्मवाट:
वंदनेसाठी वाट फनान चोएंग. शहराच्याही 26 वर्षं आधीचं, 1324 चं, आणि आजही चालतं. आत 19 मीटरची बैठी बुद्धमूर्ती. भाविकांनी आणलेलं काषाय वस्त्र तिला पांघरतात. आपल्याकडच्या चीवरदानाची (भिक्खूंना वस्त्र देण्याची) ओळख असणाऱ्याला पाहताक्षणी समजते. थेरवादी परंपरा, पाली तीच. ‘नमो तस्स भगवतो’ पासून त्रिसरण म्हटलं तर शेजारचा थाई माणूसही शब्द ओळखतो, उच्चार तेवढे वेगळे.

पाय मागे दुमडून बसा, तळवे मूर्तीकडे येऊ देऊ नका. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांनी मागे भिंतीशी बसावं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी उत्तम. बायांनी भिक्खूंच्या हातात थेट काही देऊ नये, समोर ठेवावं.

दुसरं वाट ना फ्रा मेन, 1767 च्या जाळपोळीतून वाचलेलं. मुकुट घातलेला बुद्ध तिथे दिसतो, आपल्याकडच्या विहारांत तसा सहसा पाहायला मिळत नाही. वेळ उरला तरच.

पैनगंगाकाठ:
बुधवार करतो. रेल्वेने जावं की गाडीने? उन्हाचं काही वाटत नाही, आपण विदर्भातले.

संत्र्याची बाग:
ताई-दादा जे असाल ते, उन्हाला हलकं धरू नका. आपल्या कोरड्या उन्हात घाम उडून जातो, सावलीत आलं की बरं वाटते. तिथे हवा दमट, घाम अंगावरच राहतो, म्हणून 32 अंशांतही माणूस गळतो. ORS ची पाकिटं जवळ ठेवा आणि दुपारी बारा ते दोन छपराखालीच राहा.

दोघा-तिघांना रेल्वे स्वस्त: तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीस बाटच्या आसपास, पण जागेची हमी नाही आणि गाड्या उशिरा धावतात. स्टेशन नदीच्या अलीकडे, जुनं शहर पलीकडे; मध्ये नाव किंवा टुकटुक. नऊ जणांत वयस्क असतील तर बँकॉकहूनच दिवसभराची व्हॅन करा, अंतर सुमारे 80 किलोमीटर.

जेवणाला ‘जे’ म्हणा. त्यात मांस-मासळी, अंडं, दूध, कांदा-लसूण काहीच नसते. नुसतं ‘भाजी’ म्हटलं तर नाम प्ला, म्हणजे मासळीचं पाणी, हमखास पडते. गोड म्हणून रोटी साय माय: पातळ पोळीत साखरेचे तार, बुढ्ढी के बालसारखे.

आणि थायलंडला पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड सगळ्यांचं भरा. सरकारी साइटवर ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, वडिलांचं नाव आणि आडनाव इकडचं तिकडे झालं की इमिग्रेशनच्या रांगेत खोळंबा होतो.