प्रति: सिद्धता पाठ करून रिअल अॅनालिसिस निघेल का?

पाठांतराने रिअल अॅनालिसिसचा, म्हणजे कलनशास्त्र काटेकोर सिद्धतांवर उभं करणाऱ्या विषयाचा, पेपर निघेल, विषय नाही. तुम्ही अडलात त्या युनिफॉर्म कन्व्हर्जन्सने (फलनांची माला सगळ्या बिंदूंवर एकाच टप्प्यापासून सीमेच्या हवी तितकी जवळ येणं) मलाही शिवाजी विद्यापीठात एमएस्सीला दोन महिने छळलं. व्याख्या तोंडपाठ होती, अर्थ लागत नव्हता.

शेवटी राजारामपुरीतल्या खोलीवर कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. ० आणि १ मधला क्ष घ्या आणि त्याचे घात करत जा. ०.९ चा ७ वा घात अर्ध्याखाली येतो. ०.९९ ला ६९ वा लागतो, ०.९९९ ला थेट ६९३ वा! म्हणजे प्रत्येक क्षच्या घातांची माला शून्याकडे जाते खरी, पण सगळ्या क्षंना पुरेल असा एकच आकडा सापडतच नाही. एप्सिलॉनचा (व्याख्येत ‘किती जवळ’ ते ठरवणाऱ्या छोट्या संख्येचा) सगळा खटाटोप एवढ्यासाठीच आहे, हे त्या रात्री उमगलं.

आणि गोंधळ झाला म्हणून खचू नका. संतत (आलेख कुठे न तुटणाऱ्या) फलनांच्या अभिसारी (जिची बेरीज ठरावीक सीमेकडे जाते अशा) श्रेणीची बेरीज संततच असते, असं १८२१ मध्ये खुद्द फ्रेंच गणिती कोशीने लिहिलं होतं. १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेल या गणितज्ञाने त्या विधानाला अपवाद दाखवला.

आता एक करा. प्रत्येक प्रमेयातली एक अट काढून टाका आणि ते कुठे मोडतं ते शोधा. वहीवर नाही जमलं तर रंकाळ्याला फेरी मारताना. मला तिथेच जास्त सापडायचं.