मुलाच्या चुकीपासून तास सुरू करावा का?

पाटीपेन्सिल:
पुढच्या वर्षी शिक्षिका म्हणून वर्गात उभी राहीन. ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः घडवतं हा विचार, मला पटला तो एका सराव पाठात. एक अष्टमांश मोठा की एक चतुर्थांश, असं विचारल्यावर एक मुलगी ठामपणे म्हणाली, "एक अष्टमांश. आठ चारपेक्षा मोठे ना!" मी फळ्यावर उत्तर लिहून मोकळी झाले असते. त्याऐवजी तिला कागदाची पट्टी दिली. तिने एक घडी घातली, दुसरी, तिसरी. पट्टी उलगडून एका तुकड्यावर बोट ठेवलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "वाटे वाढले की वाटा लहान होतो." हे वाक्य तिचं होतं. मूल कोऱ्या मनाने वर्गात येत नाही, त्याची आधीची समजूत कमी पडली की नवी घडते, हे मानसशास्त्रज्ञ पियाजेंचं म्हणणं मला तेव्हा दिसलं.

जुना फळा:
ताई, तळमळ पोचली. पण बाकीच्या वर्गाचं काय? मी बावीस वर्षं गणित शिकवतोय. पट्ट्या वाटल्या की चारपाच जण हमखास वाकड्या घड्या घालतात आणि असमान तुकडे बघून भलतंच शिकतात. घडी, मोजणी, तुलना सगळं एकदम अंगावर आलं की नवख्याच्या डोक्यातून मूळ मुद्दाच निसटतो. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी २००६ मध्ये हेच मांडलं होतं. आधी सोडवलेली उदाहरणं दाखवा, मग मोकळं सोडा.

पाटीपेन्सिल:
सर, मार्गदर्शन नको असं मी म्हटलेलं नाही. पट्टी कुठली, प्रश्न कुठला, हे मीच ठरवलं होतं. वुड, ब्रूनर आणि रॉस या संशोधकांनी १९७६ मध्ये अशा मदतीला इमारतीभोवती तात्पुरत्या बांधतात त्या परांचीची उपमा दिली. वाकड्या घड्यांचं मात्र खरं आहे. माझ्याही वर्गात दोघांच्या तशा झाल्या, आणि ते मला तास संपल्यावर पट्ट्या गोळा करताना कळलं. फार लागलं मनाला.

मधला बाक:
त्याच पट्ट्या दुसऱ्या दिवशी वर्गासमोर धरायच्या. "हे वाटे सारखे आहेत का?" एवढंच विचारायचं.

जुना फळा:
हे मान्य. पण एक चतुर्थांश अधिक तीन अष्टमांश आलं की छेद समान करायची रीत मी आधी सांगणार, पट्टी नंतर.

पाटीपेन्सिल:
चतुर्थांशाच्या तुकड्यावर दोन अष्टमांश नेमके बसतात, हे डोळ्यांनी पाहिलं की छेद समान का करायचा ते कळतं. रीत मीही सांगेन, सरावही भरपूर घेईन. पण माझ्या वर्गात आधी पट्टी.