द्विधातुक की मिश्रधातू?

प्रश्न : फ्युएल सेलवरच्या, म्हणजे इंधनापासून थेट वीज बनवणाऱ्या घटावरच्या, एका लेखाचं भाषांतर करतोय. प्लॅटिनमच्या 'बायमेटॅलिक', म्हणजे दोन धातूंच्या, कणांना 'मिश्रधातूचे नॅनोकण' म्हटलं तर चालेल का? शब्द ओळखीचा आहे, वाचक अडखळणार नाही.

उत्तर : सरसकट नाही चालणार. तांब्याच्या पातेल्याला कल्हई केली की तांबं आणि कथील असे दोन धातू एकत्र आले. हेच दोन वितळवून एकजीव केले की कासं होतं. धातू तेच, पण मिश्रधातू म्हणायचं ते काशाला. कल्हईच्या पातेल्याला तसं कुणी म्हणत नाही.

नॅनोकणांतही हेच आहे. दोन धातूंचे क्षार एकाच द्रावणात घेऊन त्यात सोडियम बोरोहायड्राइडसारखा जोरकस क्षपणक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा पदार्थ, घातला, तर दोन्हींचे अणू जवळपास एकाच वेळी सुटे होतात आणि कणात मिसळून बसतात. फ्लास्कमधलं पिवळं-नारिंगी द्रावण बुडबुडे सोडत बघता बघता काळपट होतं. ते पाहायला मी अजूनही हातातलं काम सोडून थांबतो. हे झालं कासं. पण आधी पॅलेडियमचे कण करून त्यांच्यावर प्लॅटिनम चढवलं, तर गाभा एकाचा आणि कवच दुसऱ्याचं. अभिक्रिया पृष्ठभागावर होते, म्हणून महागडं प्लॅटिनम आत कोंडून ठेवायचं नाही, हा त्यातला हेतू. ही झाली कल्हई.

दोन्हींना सामावणारा शब्द हवा असेल तर 'द्विधातुक' घ्या. 'द्विधात्विक'ही दिसतो, पण तो जिभेला जड जातो. 'द्विकर्मक क्रियापद' आपण शाळेपासून म्हणतो, त्याच घडणीचा हा शब्द आहे. 'अब्जांश कण' मात्र मी टाळतो. अब्जांश म्हटलं की 'कशाचा?' हा प्रश्न उरतोच. नॅनोकण आता रुळलाय.

प्रश्न : आणि 'रिडक्शन'साठी 'क्षपण'? त्याचा अर्थ झीज ना? इथे तर उलट धातू हाती येतोय.

उत्तर : झीज होते ती धन विद्युतभाराची. क्लोरोप्लॅटिनिक आम्ल या प्लॅटिनमच्या संयुगात प्लॅटिनम +4 वर असतं, इलेक्ट्रॉन मिळून ते शून्यावर येतं. शब्द अगदी चपखल आहे, बदलू नका.

प्रश्न : वाचकाला एवढा फरक कळायची गरज आहे का?

उत्तर : आहे, कारण गुणधर्म मांडणीवर ठरतात. मिथेनॉलवर चालणाऱ्या फ्युएल सेलमध्ये निव्वळ प्लॅटिनमवर कार्बन मोनॉक्साइड चिकटून बसतो आणि उत्प्रेरक निकामी होत जातो. रुथेनियमचा अणू शेजारी असला तर तो पाण्यातून ऑक्सिजन पुरवतो, आणि त्या मोनॉक्साइडचा डायॉक्साइड होऊन जागा मोकळी होते. इथे शेजार महत्त्वाचा, म्हणून 'मिश्रधातू' लिहा, बिनधास्त.

एक शब्द मात्र मला मनापासून सुचवायचा आहे. तीन भाग प्लॅटिनम, एक भाग निकेल असा स्फटिक तापवला की प्लॅटिनमचे अणू वर येतात आणि वरचा एक अणूजाडीचा थर निव्वळ प्लॅटिनमचा होतो. 2007 साली अशा स्फटिकाच्या सर्वांत दाट मांडणीच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचं क्षपण तशाच शुद्ध प्लॅटिनमच्या 10 पट वेगानं झालेलं दिसलं. इंग्रजीत या थराला 'स्किन' म्हणतात आणि मराठीत त्याची 'त्वचा' होते. याला 'कवच' म्हणू नका, कवच बाहेरून चढवलेलं असतं. दूध तापवल्यावर त्यातूनच वर येते ती साय. हीसुद्धा प्लॅटिनमची साय आहे.